लिंक कोणी पाठवली?

आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी गेल्या वर्षापासून कॉलेजसाठी आमच्याकडे राहते. गावाहून रोज एसटीने ये-जा करायची तर चार तास रस्त्यातच जातात, म्हणून बहिणीने कपड्यांची बॅग, लोणच्याची बरणी आणि लेक अशा तिन्ही गोष्टी एकदमच आमच्या स्वाधीन केल्या. भाची बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा कोणकोणते विषय आहेत, असे विचारले तर म्हणाली, "खाला, एक पेपर ऑनलाइन संस्कृतीचा आहे."

आम्ही वीस वर्षांपासून शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. संस्कृती म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे भाषा, पेहराव, ईद, लग्नातली गाणी, दस्तरखान अशा गोष्टी येतात. मोबाइलमध्येही संस्कृती असते आणि तिचा शंभर मार्कांचा पेपर असतो, हे पचायला जरा वेळ लागला. आमचे सासरे, ज्यांना आम्ही अब्बा म्हणतो, ते तर हसलेच. "आमच्या वेळी अभ्यास सोडून भलतीकडे बघितलं की मार मिळायचा. आता बघण्याचेच मार्क मिळतात का?"

त्या पेपरात एक प्रकल्प होता. चार वेबसाइट निवडायच्या, त्यांचे विश्लेषण करायचे आणि वही जमा करायची. आज आम्ही त्या वहीविषयी लिहिणार आहोत. वहीच्या पहिल्या तीन भागांत आम्ही केवळ प्रेक्षक होतो. चौथ्या भागात मात्र आमचा उल्लेख आला. तो का आला हे सांगताना आम्हाला आनंद होत नाही. पण या सदरात आम्ही दरमहा इतरांच्या चुकांवर लिहितो, तेव्हा स्वतःची चूक झाकून ठेवणे बरे नाही.

प्राध्यापकांनी मुलांना सहा प्रश्न दिले होते. ही वेबसाइट कोणी बनवली? ती चालवायला पैसा कुठून येतो? ती कोणाशी बोलते आणि कोणाला बाहेर ठेवते? ती आपल्याला काय करायला लावते? ती पूर्वी कशी होती? आणि तिच्याविषयी बाहेरचे लोक काय म्हणतात? भाचीने हे प्रश्न पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून काढले. मग रोज इशाची नमाज झाली, जेवणाची भांडी आवरली की आमची बैठक बसू लागली. ती मोबाइल बघणार, वहीत लिहिणार. आम्ही उत्तरपत्रिका तपासत कान तिच्याकडे ठेवणार. आणि अब्बा आरामखुर्चीतून शेरे मारणार.

तिने सर्वांत आधी घेतली ती जगातली पहिली वेबसाइट. जिनिव्हाजवळ सर्न ही मोठी संशोधन संस्था आहे. तिथे काम करणारे टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये एक कल्पना मांडली. निरनिराळ्या संगणकांवर पडून असलेली माहिती संशोधकांना एकमेकांपर्यंत सहज पोचवता यावी, एवढाच हेतू. त्यातून वर्ल्ड वाइड वेब तयार झाले आणि 1991 मध्ये ते संस्थेबाहेरच्या लोकांनाही वापरता येऊ लागले. 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने ते सर्वांना मोफत खुले केले. पेटंट घेऊन दर पानामागे पैसे घेतले असते, तर आज आपल्या घराघरांत ते पोचले असते की नाही कोण जाणे.

ते पहिले पान आजही बघता येते. पांढऱ्या पानावर काळी अक्षरे आणि मध्ये काही निळे, अधोरेखित शब्द. निळा शब्द दाबला की दुसरे पान उघडते. चित्र नाही, जाहिरात नाही, हलणारे-चमकणारे काही नाही. अब्बांनी चष्मा लावून ते पान निरखले आणि म्हणाले, "हे तर किताबासारखं आहे. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं."

भाचीने चौथ्या प्रश्नापुढे लिहिले, ही वेबसाइट वाचकाला काहीही करायला लावत नाही.

दुसरी निवड होती मराठी विकिपीडिया. हा 1 मे 2003 रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनीच सुरू झाला. आम्ही आजवर मुलांना बजावत आलो की, विकिपीडियावरून उतरवू नका, तिथे कोणीही काहीही लिहितो. भाचीने आमचे म्हणणे खोडले नाही. फक्त एका लेखाच्या वर असलेली 'इतिहास' ही जागा दाबून दाखवली. त्या लेखात आजवर कोणी, कोणत्या तारखेला, किती वाजता कोणता शब्द बदलला, याची पूर्ण यादी समोर आली. कोणीतरी गावच्या पुढाऱ्याची स्तुती घुसवली होती. दुसऱ्याने ती काढली होती. पहिल्याने पुन्हा घातली, तिसऱ्याने पुन्हा काढली. शेजारी 'चर्चा' या पानावर त्यांचे भांडणही होते. लेखाच्या तळाशी संदर्भ होते, आणि ज्या वाक्याला संदर्भ नाही त्यावर तशी खूण होती.

"खाला, इथे कोणीही लिहितो हे खरं," ती म्हणाली, "पण कोणी काय लिहिलं ते लपत नाही. छापील पुस्तकात तरी आधीचा खर्डा कुठे दिसतो?"

पैशाचा प्रश्नही तिने सोडवला. विकिपीडिया विकिमीडिया फाउंडेशन ही संस्था चालवते, तिचा खर्च मुख्यतः देणग्यांतून भागतो आणि पानांवर जाहिराती नसतात. तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र ती थांबली. इंग्रजी विकिपीडियावर साठ लाखांहून अधिक लेख आहेत. मराठीत लाखाच्या आसपास. म्हणजे ज्या मुलीला फक्त मराठी येते तिच्यासाठी त्या ग्रंथालयाची बहुतेक कपाटे बंदच. शाळेत दोन भाषा शिकवणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटते, ते वेगळे सांगायला नको.

तिसरी वेबसाइट कपडे विकणारी. तिचे नाव इथे देत नाही. तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. ही निवड खरे तर आमच्यामुळे झाली. ईदच्या आधी आम्ही तिथून एक ड्रेस मटेरियल मागवले होते. पानावर लाल अक्षरांत 'फक्त 2 शिल्लक' असे लिहिलेले आणि खाली घड्याळ उलटे धावत होते. सवलत संपायला नऊ मिनिटे! आम्ही घाईघाईने पैसे भरले. भाचीने तेच पान पुन्हा उघडले. घड्याळात नऊ मिनिटे. बंद करून तासाने उघडले. पुन्हा नऊ मिनिटे. आणि ईद होऊन दीड महिना झाला तरी शिल्लक दोनच.

या फसव्या मांडणीला इंग्रजीत डार्क पॅटर्न म्हणतात. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझाइनरने 2010 मध्ये हे नाव रूढ केले. आपल्या देशात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि असे 13 प्रकार नोंदवून त्यांना मनाई केली. खोटी घाई करणे हा एक प्रकार. न विचारता टोपलीत विमा किंवा देणगी टाकणे हा दुसरा. नकार देणाऱ्याला लाजवणे हा तिसरा. 'नको' असे साधे बटण न देता 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असे लिहिलेले असते ना, तो. सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटच्या पायरीवर एकेक आकार वाढवत नेणे हाही त्यातलाच. भाचीने आमच्या जुन्या बिलात यांतले तीन प्रकार शोधून काढले. आमच्या नकळत आम्ही 49 रुपयांचा कसलासा 'सुरक्षा' आकार भरला होता. अशा वेळी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, हेही आम्हाला वहीतूनच कळले.

अब्बा म्हणाले, "बाजारात दुकानदार असा हात धरून ओढायला लागला, तर तू चप्पल दाखवली असतीस. मोबाइलमध्ये ओढला तर पैसे देऊन आलीस."

हसून झाले. आणि त्याच आठवड्यात आम्ही ते केले, ज्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

शाळेच्या आमच्या वर्गाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात मुख्यतः आया आहेत. गृहपाठ, सुट्टी, पालकसभा असे निरोप आम्ही त्यावर टाकतो. एका सकाळी आमच्या एका जुन्या मैत्रिणीकडून निरोप आला: अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती, इयत्ता पहिली ते दहावी, उद्या शेवटची तारीख. खाली लिंक. आम्ही ती दाबली. पानावर तीन सिंहांची मुद्रा होती, एका मंत्र्यांचा फोटो होता, तिरंगी पट्टी होती. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस होते. आम्ही स्वतः मुलांना शिकवले आहे की, हे असले म्हणजे वेबसाइट सुरक्षित. प्रार्थनेची घंटा होत होती. आम्ही लिंक ग्रुपवर टाकली आणि वर लिहिले, "सर्वांनी जरूर भरा. उद्या शेवटची तारीख."

आठवडाभराने मधल्या सुट्टीत एक आई स्टाफरूमच्या दाराशी आली. नवरा रिक्षा चालवतो, ही घरी ब्लाउज शिवते. मुलगा आमच्या वर्गात पाचवीला. ती तक्रार करायला आली नव्हती. पदराच्या टोकाशी चाळा करत तिने विचारले, "बाजी, ते स्कॉलरशिपचे पैसे कधी येतील? आमच्या खात्यातून तर गेले."

हळूहळू सगळे कळले. तिने फॉर्म भरला होता. आधार कार्डाचा आणि पासबुकाचा फोटो चढवला होता. नोंदणी फी म्हणून 199 रुपये भरले होते. दुसऱ्या दिवशी फोन आला. पलीकडचा माणूस अदबीने बोलत होता. शिष्यवृत्ती मंजूर झाली, रक्कम जमा करायला कार्डाचा नंबर आणि आलेला ओटीपी सांगा. तिने सांगितला. खात्यातून 6,400 रुपये गेले. शिलाई मशीनला मोटर बसवायला ती ते साठवत होती.

"तुला शंका नाही आली का गं?" आम्ही विचारले. आज वाटते, हा प्रश्न विचारायचा आम्हाला काही हक्क नव्हता.

ती म्हणाली, "बाजी, मी ती वेबसाइट कुठे वाचली? तुमचं नाव बघितलं आणि भरलं."

त्या दिवशी उरलेले दोन तास आम्ही वर्गात काय शिकवले ते आठवत नाही. शाळा सुटताच तिला घेऊन आधी बँकेत गेलो, कार्ड बंद करवले. तिथूनच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावला आणि रात्री भाचीच्या मदतीने राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. पलीकडून पहिला प्रश्न आला तो हा, की पैसे जाऊन किती वेळ झाला? आठवडा झाला होता. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पुढे सरकण्याच्या आत कळवले, तर ते अडवता येतात. आठवडा म्हणजे फार उशीर.

भाची बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "खाला, चौथी वेबसाइट हीच घेऊ का?"

आम्ही हो म्हटले.

तिने सुरुवात पत्त्यापासून केली. आम्हाला म्हणाली, "खाला, तुम्ही उर्दूवाल्या. हा पत्ता तुम्हाला लवकर जमेल, कारण तो उजवीकडून वाचायचा." खरेच तसे आहे. वेबसाइटच्या नावानंतर जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या आधीचा शेवटचा तुकडा सर्वांत महत्त्वाचा. आपल्याकडे सरकारी वेबसाइटचा पत्ता सहसा 'डॉट गव्ह डॉट इन' असा संपतो आणि तो तुकडा फक्त सरकारी यंत्रणांनाच मिळतो. आमच्या लिंकमध्ये 'गव्ह' होते, पण मधेच, आडव्या रेघेने जोडलेले. शेवट भलताच होता. असा शेवट कोणीही थोड्या पैशांत विकत घेऊ शकतो. 'डॉट ऑर्ग'चेही तेच. ते नाव लावले म्हणजे ती सेवाभावी संस्था झाली असे नाही.

मग कुलपाचा प्रश्न. एचटीटीपीएस किंवा पत्त्याशेजारचे कुलूप याचा अर्थ एवढाच की, तुमच्या मोबाइलपासून त्या वेबसाइटपर्यंत जाणारा मजकूर मधला कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की लुटारू, हे कुलूप सांगत नाही. लोक या खुणेने फसतात हे लक्षात आल्यावर गूगलने 2023 मध्ये आपल्या क्रोममधून ते कुलुपाचे चिन्ह बदलून टाकले. आम्ही मात्र वर्गात अजून तेच शिकवत होतो.

त्यानंतर तिने नावाची नोंदणी तपासली. कोणते नाव कधी नोंदले गेले, ते इंटरनेटवर बघता येते. हे नाव तीन आठवड्यांपूर्वीचे होते. इंटरनेट आर्काइव्ह नावाची एक संस्था 1996 पासून जगभरच्या वेबसाइटांच्या प्रती जपून ठेवते आणि 2001 पासून त्या कोणालाही बघायला खुल्या आहेत. तिथे खऱ्या शिष्यवृत्ती पोर्टलची जुनी-जुनी पाने सापडली. आमच्या लिंकचे एकही पान नव्हते. सरकारी योजनेला भूतकाळ असतो. हिला नव्हता.

मजकुराची मराठी बघायचे काम आमचे. 'आपला मूल' असे तिथे छापलेले होते. 'शाळा' या शब्दाचे लिंग दोन ओळींत दोनदा बदलले होते. रोज शंभर वह्यांतून अशा चुकांना लाल शाईने गोल करणाऱ्या आमच्या डोळ्यांना त्या सकाळी यांतली एकही दिसली नव्हती. आणि 'उद्या शेवटची तारीख' ही ओळ? आठवड्यानंतरही उद्याच होती. कपड्यांच्या दुकानातले नऊ मिनिटांचे घड्याळच ते, फक्त सरकारी वेषातले.

सर्वांत मोठी गोष्ट सहाव्या प्रश्नात निघाली. भाचीच्या प्राध्यापकांनी वर्गात एक अभ्यास सांगितला होता. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 45 जणांना काही वेबसाइट तपासायला दिल्या. त्यांत पीएच.डी. झालेले 10 इतिहासकार होते, बातम्यांची सत्यता तपासण्याचा व्यवसाय करणारे 10 जण होते आणि त्याच विद्यापीठाचे 25 विद्यार्थी होते. बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांची पाने त्यांच्यापुढे ठेवली. एक 1930 पासूनची, हजारो सदस्यांची. दुसरी तिच्यातून 2002 मध्ये फुटून निघालेला लहान गट. दोघांची नावे सारखी, दोघांची पाने देखणी. बहुतेक विद्यार्थ्यांना लहान गटाचेच पान जास्त विश्वासार्ह वाटले. इतिहासकारही गोंधळले. सत्यता तपासणारे मात्र एकही चुकले नाहीत. कारण ते पान वाचतच बसले नाहीत. त्यांनी लगेच शेजारी दुसरे पान उघडले आणि या संस्थेविषयी बाकीचे काय म्हणतात ते शोधले. चोराला तू चोर आहेस का असे विचारून काय उपयोग, शेजाऱ्यांना विचारावे, तसे.

भाचीने शेजाऱ्यांना विचारले. दहा मिनिटांत उत्तर मिळाले. पहिलीपासूनच्या अल्पसंख्याक मुलांना पूर्वी जी केंद्राची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती मिळायची, ती 2022-23 पासून फक्त नववी-दहावीपुरती केली गेली. पाचवीच्या मुलासाठी ती नव्हतीच. आणि राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करायला एक रुपयाही फी पडत नाही. फी मागितली, तिथेच खेळ उघडा पडायला हवा होता. हा बदल झाला तेव्हा शाळेत आम्हीच आयांना समजावून सांगितले होते. आम्हाला ते ठाऊक होते, तरी त्या सकाळी आठवले नाही. हवी असलेली गोष्ट समोर आली की माणूस तपासत नाही. लहान वर्गांची शिष्यवृत्ती पुन्हा सुरू व्हावी असे आमच्या मनात किती दिवस होते! ते पान बनवणाऱ्याला आमच्या मनातली ही जागा बरोबर ठाऊक होती.

भाची हे सगळे वाचून दाखवत होती, तेव्हा अब्बा एकदाही हसले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "बेटी, तुझे सहाही प्रश्न मतनचे आहेत. सनद कुठे आहे?"

तिला नीट कळले नाही, म्हणून त्यांनी समजावले. हदीसचा इल्म जाणणाऱ्यांनी मजकूर, म्हणजे मतन, तर पारखलाच. पण तो कोणाकडून कोणाकडे आला, ती साखळी म्हणजे सनद तितक्याच कसोशीने तपासली. साखळीतल्या प्रत्येक रावीची चौकशी झाली. त्याची स्मरणशक्ती कशी, वागणूक कशी, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो भेटला होता का. रावींच्या या चौकशीचे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. मजकूर कितीही सुंदर असो, मधली एक कडी कच्ची निघाली तर ते थांबत. आणि रावी भला माणूस आहे, एवढेही त्यांना पुरत नसे. नेक माणूसही विसरतो, घाईत ऐकतो, न पारखता पुढे सांगतो.

"ही वेबसाइट त्या बाईपर्यंत कोणी आणली?" अब्बांनी विचारले. प्रश्न भाचीला होता. बघत होते ते आमच्याकडे.

भाचीने पहिल्या पानावर सहा प्रश्नांखाली सातवा लिहिला: ही लिंक माझ्यापर्यंत कोणी आणली, आणि त्याने ती स्वतः तपासली होती का? मग चौथ्या भागात त्या प्रश्नासमोर तिचे पेन थांबले. "खाला, 'एका शिक्षिकेने' असं लिहू?"

"'माझ्या खालाने' असं लिही," आम्ही म्हटले. "आणि तपासली नव्हती, हेही."

पुढच्या पालकसभेत आम्ही ही हकीकत सर्व आयांसमोर सांगितली. त्या बाईचे नाव घेतले नाही, स्वतःचे घेतले. सांगताना आवाज कापत होता. वीस वर्षांत मुलांकडून 'चूक झाली' हे वाक्य हजार वेळा वदवून घेतले असेल. स्वतः भरसभेत म्हणायची वेळ पहिल्यांदाच आली. सभा संपल्यावर आणखी तिघी जवळ आल्या. दोघींनी फॉर्म भरला होता, पण फी मागितल्यावर सोडून दिला होता. तिसरीने 199 रुपये भरले होते आणि नवऱ्याच्या धाकाने कोणाला सांगितले नव्हते. पैसे गेल्यापेक्षा घरी बोलणी खावी लागतील ही भीती मोठी असते, आणि ठग तिच्यावरच तर जगतात. वाचक भाऊ-बहिणींनो, आपल्या घरात कोणी असे फसले तर आधी 1930 ला फोन करा. रागवायचे असेल तर नंतर रागवा. तो वेळ फार मोलाचा असतो.

ज्या मैत्रिणीने आम्हाला लिंक पाठवली होती, तिलाही विचारले. तिला तिच्या भावाने पाठवली होती. भावाला मोहल्ल्यातल्या एका ग्रुपवरून मिळाली. सगळी भली माणसे, सगळ्यांचा हेतू चांगला. भल्या माणसांची अख्खी साखळी, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कोणीच ओळखीचे नाही. प्रत्येकाला वाटले की आधीच्याने बघितलेच असेल. आपल्या समाजात एकमेकांवरचा विश्वास हीच तर खरी पुंजी आहे. शिकलेल्या माणसाचे, शिक्षकाचे, मौलाना साहेबांचे, डॉक्टरांचे नाव पाहून लोक पुढचे वाचतही नाहीत. अशी ज्यांची नावे आहेत, त्यांनी तरी लिंक पुढे सारण्याआधी दहा मिनिटे द्यायला हवीत. ती देता येत नसतील, तर न पाठवलेलेच बरे.

त्या बाईचे पैसे अजून मिळालेले नाहीत. मोटरीसाठी आम्ही काही रक्कम देऊ केली, ती तिने घेतली नाही. "तुम्ही थोडेच घेतलेत, बाजी," म्हणाली. मग आम्ही तिला घरच्या पडद्यांचे आणि भाचीच्या दोन ड्रेसचे काम दिले. त्याचे पूर्ण पैसे तिने मोजून घेतले, ते बरे वाटले.

भाचीची वही परत आली. मार्क चांगले आहेत. प्राध्यापकांनी सातव्या प्रश्नाभोवती गोल करून शेजारी लिहिले आहे, 'पुढच्या वर्षीपासून हा सर्वांना.'

परवा वर्गाच्या ग्रुपवर नाही, आमच्या एकट्यांच्या नंबरवर त्याच बाईचा निरोप आला. कोणीतरी तिला शिष्यवृत्तीची दुसरी एक लिंक पाठवली होती. खाली तिने लिहिले होते, "बाजी, बघून सांगा. मग भरते." आम्ही चष्मा लावला आणि पत्ता उजवीकडून वाचला. शेवट बरोबर होता. तरी शेजारी दुसरे पान उघडले, योजनेचे नाव शोधले, कोणत्या इयत्तेसाठी आहे ते पाहिले, फी नाही याची खात्री केली. मग तिला कळवले, "खरी आहे. मी स्वतः बघितली. पण ही आठवीच्या पुढच्या मुलांसाठी आहे, तुझ्या मुलाला अजून तीन वर्षं आहेत."

पाचेक मिनिटांनी तिचे उत्तर आले. "मग ही माझ्या नणंदेला पाठवते. तुम्ही बघितली असं लिहू ना?"

आम्ही लिहिले, "लिही. आणि तिला सांग, तिनेही एकदा बघावी."